धोंडुबाईच्या उशाचा तांब्या

मी तांब्या. पितळेचा, पोटाला जरा चेपलेला. तरी थेंब गळू देत नाही, एवढी अब्रू राखून आहे. साताऱ्याच्या तांबटानं मला ठोकून घडवलं आणि धोंडुबाईच्या रुखवतात मी तिच्या सासरी आलो. नवरा वारला, पोरबाळ नव्हतं, तेव्हा ती सांगलीत जिनदत्तशेठांनी काढलेल्या निराधार म्हाताऱ्यांच्या आश्रमात आली. मी तिच्या काखोटीला.

बाई तल्लख. उखाण्यांची तर खाण! पण सन सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात एका सकाळी ती व्यवस्थापक आप्पासोंना म्हणाली, "आत्याबाई, तुमास्नी मिशा कवा फुटल्या वं?" आत्याबाई म्हणजे तिची कधीच वारलेली सासू. सगळे खो खो हसले.

दुपारी ती माळ्यावरचं बकरू उतरवायला निघाली. तिथं ना माळा, ना बकरू. आप्पासो घाबरले. "येड लागलं म्हातारीला. उद्या वेड्यांच्या इस्पितळात धाडतो." तिकडं गेलेलं माणूस माघारी आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

आश्रमाच्या डॉक्टर कस्तुरीबाई आडव्या आल्या. "काल शहाणी होती की ती! असं एकाएकी बरळणारी इथं ती पहिली नव्हे. मला कारण शोधू द्या."

त्यांनी नाडी पाहिली, ताप पाहिला. जीभ कोरडी ठाक! मग मला उचललं, तर मी काठोकाठ भरलेला. चमच्याचमच्यानं तिला पाजत डॉक्टरबाईंनी मला रितं केलं, पुन्हा भरलं.

दुसऱ्या दिवशी धोंडुबाई भानावर आली. "बाई, तुमी हितं का बसलाय?"

"आजी, पाणी का पीत नव्हता?"

ती लाजली. "पानी प्यालं की उठावं लागतंय. संडास पार त्या टोकाला, पाय लटपटत्यात. सांगायचं तरी कुनाला?"

बाईंनी खाटेखाटेशी बसून विचारलं. बऱ्याच जणांचं दुखणं तेच. मग संडासापर्यंत धरायला दोर लागला. तो आप्पासोंनी स्वतः बांधला. बरळणं पुष्कळ कमी झालं. आश्रमातला म्हातारा कोंडीबा मात्र भरपूर पाणी पिऊनही बरळला. त्याला हिवताप निघाला.

"कारणं निरनिराळी असणार," बाई म्हणाल्या. "पण दर वेळी शोधायचं. म्हातारपण म्हणून सोडून द्यायचं नाही."

धोंडुबाई पुढं काही वर्षं जगली, अगदी शेवटपर्यंत तोंडाळ. आता मी याच आश्रमातल्या शालूबाईच्या उशाला असतो. तुम्ही कुणा थकल्या माणसाला भेटायला गेलात, तर आधी त्याच्या उशाशी डोकावा. माझा एखादा भाऊबंद भरलेलाच दिसला, तर घटकाभर शेजारी बसा आणि विचारा, का म्हणून.