ऑर्विन पीबल्स बसतो

शेवटी ऑर्विन पीबल्स पडद्यावर खुर्चीत बसला आणि देशभरच्या थेटरांत लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण असं काही झालंच नाही, असं आपण धरून चालू. कोलोसस स्टुडिओतली माणसंही तसंच धरून चालतात. त्यांची कारणं मात्र आपल्यापेक्षा वाईट आहेत.

तर ऑर्विन कधीच बसला नव्हता. चित्रपट बोलायला लागले तेव्हापासून तो विनोदी चित्रांत बटलर होता. नायक जिन्यावरून गडगडायचा, नायिका केकमध्ये तोंडघशी पडायची, आणि दाराशी उभा ऑर्विन एक भुवई वर करायचा. पडणाऱ्याला लोक हसत, भुवईला लोळत. कॅमेरा बंद झाला तरी तो उभाच, कारण इस्त्रीच्या पाटलोणीत बसायचं नाही असा स्टुडिओचा नियम होता. अशा नटांसाठी सेटच्या मागे तिरक्या फळ्या असत. त्यांना पाठ टेकून राहायचं, भिंतीला लावलेल्या शिडीसारखं. ऑर्विन जेवायचाही तसाच. सूप त्यानं सोडूनच दिलं होतं, कारण ते तोंडात जाण्याऐवजी गळपट्टीत जायचं.

त्याचे वडील अमोस पीबल्स पिओरिया गावात न्हावी होते. जन्मभर दुसऱ्यांना खुर्चीत बसवून स्वतः मागे उभे. पोरानं तरी बसून खावं म्हणून त्यांनी त्याच्या हाती वस्तरा दिला नाही, आणि पोरगा एवढ्या लांब येऊन दुसऱ्यांच्याच खुर्च्यांमागे उभा राहिला. दर चित्र बघून म्हातारा ट्रंक कॉल लावायचा. "काय रे ऑर्व्ह्या, अजून कुणी बस म्हणालं नाही?"

पाय सुजले तेव्हा म्हाताऱ्यानं दुकान बंद केलं आणि तो लेकाकडे राहायला आला. त्याच सुमाराला ऑर्विनला एक भूमिका मिळाली. मालक मरतो, सगळी इस्टेट बटलरला जाते, आणि बटलर टेबलाच्या मानाच्या जागी बसून सूप पितो.

"बसायचं नाही," कपडेखात्याच्या ग्रोसमनबाई म्हणाल्या. तोंडात टाचण्या असल्यामुळे त्या कायम दात आवळून बोलत.

"बाई, पटकथेत लिहिलंय, 'बसतो' म्हणून."

"लिहिणाऱ्याला इस्त्री करावी लागत नाही. पुढच्या शॉटमध्ये तू उठून ग्लास उंचावतोस. गुडघ्यावर सगळ्या चुण्या दिसतील."

"मग दुसरी पाटलोण द्या."

"ती शेजारच्या सेटवर आहे. प्रेताच्या अंगात."

"प्रेताला मिळते?"

"प्रेत आडवं असतं. गुडघे दुमडत नाही. शिक जरा त्याच्याकडून."

ऑर्विन दिग्दर्शक डटनसाहेबांकडे गेला. त्यांनी टोपी मागे सरकवली. "राजा, तुला बसायचंय, की बसलेलं दिसायचंय?"

"बसायचंय."

"इथंच तुझं चुकतं. अरे, आपला नायक घोड्यावर बसतो ना, तो घोडा म्हणजे पिंप आहे. पिंपानं कधी तक्रार केली?"

सुतार आले. टेबलामागची जमीन कापून त्यांनी मांडीइतका खोल खड्डा केला. खुर्चीची नुसती पाठ करवतीनं वेगळी करून ऑर्विनच्या मागे ठोकली. उरलेला भाग, म्हणजे ज्यावर बसतात तो, डटनसाहेबांनी कॅमेऱ्याशेजारी ठेवला आणि त्यावर ते बसले. ऑर्विननं खड्ड्यात उभं राहून सूप प्यायलं. ते थंड होतं.

चाचणीचा खेळ पासाडेनाच्या एका थेटरात लागला. ऑर्विन बापाला घेऊन गेला. पडद्यावर बटलर टेबलाशी दिसला, त्यानं चमचा बुडवला, थांबला, आणि भुवई चढवली. सगळं थेटर हसून लोळलं. म्हातारा सुजलेल्या पायांवर ताडकन उठला.

"बसला! माझा पोरगा बसला!"

"अहो आजोबा, आधी तुम्ही बसा की!" मागून कोणीतरी ओरडलं.

म्हाताऱ्याचे डोळे भरलेले. त्या डोळ्यांना खड्डा कसा सांगायचा? ऑर्विन गप्प बसला. बसला म्हणजे, गप्प राहिला.

पेपरांनी लिहिलं, इतक्या सहज बसणारा नट आजवर झाला नाही. मग काय, त्याला न्यायाधीश केलं, महापौर केलं, बँकेचा अध्यक्ष केलं. भूमिका ऐकली की सुतार करवत उचलत. पगार वाढला. पायही वाढले.

एके दिवशी नाश्त्याला म्हाताऱ्यानं टेबलाखाली वाकून पाहिलं. "ऑर्व्ह्या, दिवसभर बसणाऱ्याचे पाय असे होत नाहीत रे. हे माझे पाय आहेत."

"बूट लहान पडतात, बाबा."

 म्हातारा टोपी घालून लेकाबरोबर सेटवर आला आणि न्यायाधीशाच्या उंच टेबलाला वळसा घालून मागे गेला.

"काय करतोयस खड्ड्यात?"

"न्यायदान."

"डटनसाहेब!" म्हाताऱ्याचा आवाज छपरापर्यंत गेला. "माझ्या दुकानात दारुड्यालासुद्धा खुर्ची मिळायची! आणि तुम्ही माझ्या पोराला जिवंतपणी पुरलंत?"

"काका, रागावू नका," डटनसाहेब मायेनं म्हणाले. "खरंच बसवला तर त्याचा चेहरा सुखी होईल. सुखी चेहऱ्याला हसायला पैसे कोण देतं?"

"म्हणजे लोक हसतात ते याच्या दुखण्याला?"

"बघा, तुम्हाला लगेच कळलं! निर्मात्यांना समजवायला मला वर्ष लागलं."

ऑर्विन झगा सावरत खड्ड्याबाहेर आला. ग्रोसमनबाई "चुण्या, चुण्या!" करत धावल्या. तो त्यांच्या देखत जमिनीवर बसणारच होता, पण सुजलेले गुडघे वाकेनात. त्यानं बापाचा हात धरला आणि दोघं उभ्यानंच घरी आले. तिथं स्वयंपाकघराच्या ओट्याशी दोघांनी मिळून एक अर्ज लिहिला आणि देशातल्या यच्चयावत थेटरमालकांना पाठवला:

"अर्जदार ऑर्विन पीबल्स, नट, विनंती करतो की, अर्जदार पडद्यावर बसलेला दिसेल तेवढा वेळ आपल्या थेटरातील सर्व प्रेक्षकांस उभे करण्यात यावे. पायांस सूज असलेल्यांना यातून वगळावे. सदर काळात रिकाम्या होणाऱ्या आसनांपैकी एक, कोणतेही, खांबाआडचे असले तरी हरकत नाही, अर्जदारास बसण्याकरिता देण्यात यावे. तिकिटाचे पैसे अर्जदार स्वतः भरेल. सत्वर अंमल व्हावा."