पिंजरा खाली है

मित्रांनो, माझ्याकडे आजवर कुणी हौसेने आलेलं नाही. जो आला तो फसून आला. बिबटे पकडण्याचा जुना पिंजरा आहे मी. जुन्या भोपाळातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. माझे गज घासताना कारागीर म्हणाला होता, "जानवर को चोट नहीं लगनी चाहिए." ते ऐकून मी फुशारलो. आपण काही तुरुंग नाही, जनावराला सुखरूप घरी पोचवणारी गाडी आहोत, असं मी समजून चाललो.

प्राणी वाचवणाऱ्या एका संस्थेने मला घेतलं. टेकड्या फोडून इमारती उठल्या, तसं माझं काम वाढलं. नव्या रहिवाशांना बिबट्या दिसला की मला बोलावणं येई. तिथे आधी कोण राहत होतं, हे कुणी विचारत नसे. जनावर सापडलं की लोक टाळ्या वाजवत, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढत. मग गोदामामागे मी गंजत पडे आणि माझी कुणाला आठवणही नसे.

गेल्या मे महिन्यात मला नेहरू नगरच्या पलीकडल्या एका वसाहतीत नेलं. तिच्या भिंतीने एका बिबट मादीची पाण्याची वाट अडवली होती. बिचारी मग फाटकातूनच ये-जा करू लागली आणि वसाहतीचं धाबं दणाणलं.

फाटकावरच्या घरात वसुधाताई राहत. त्यांचा मुलगा निनाद इथे इंजिनिअर. त्याच्याकडे त्या पुण्याहून नुकत्याच आल्या होत्या. बाई मोठी मायाळू. माझ्या जाळीमागच्या कप्प्यात आमिषाची बकरी असे, तिला त्या कोबीची पानं आणून देत. हिंदी मात्र त्यांची स्वतःची. एकदा भाजीवाल्यावर चिडून म्हणाल्या, "भैया, मुझे राग आता है!" तो हात जोडून म्हणाला, "तो सुनाइए, माताजी." वसाहत पोट धरून हसली. मीही हसलो.

बकरीच्या ओरडण्याने झोपमोड होते, अशी तक्रार आली, म्हणून एका संध्याकाळी मला फाटकाजवळून उचलून खाली नाल्याकाठी ठेवलं. पहाटे ती बिबट मादी आली. दार पडलं. घाबरून तिने धडका दिल्या, त्यात पाण्याचं भांडं उपडं झालं.

सकाळी संस्थेचा इमरतलाल मोटारसायकलवरून आला. चार इमलीतल्या एका बंगल्यात साप निघाला होता, त्यामुळे त्याला घाई. गाडी चालूच ठेवून त्याने फाटकातून हाक मारली, "माताजी, पिंजरा?"

कालपर्यंत पिंजरा इथेच होता, तो शोधतोय बिचारा, असं वसुधाताईंना वाटलं. गॅलरीतून हात हलवत त्या म्हणाल्या, "पिंजरा खाली है!"

आपलं 'खाली' म्हणजे खालच्या बाजूला. त्याचं 'खाली' म्हणजे रिकामा. "ठीक है," म्हणून तो निघून गेला.

पलीकडे खडक फोडण्याचं मशीन सुरू झालं आणि तिच्या गुरगुरण्याचा आवाज त्यात बुडाला. ऊन चढलं, माझं लोखंड तापलं. ती माझे गज चाटू लागली आणि तिची जीभ पोळली. बकरीच्या कप्प्यात पाणी होतं. जाळीपलीकडून ती त्याकडे बघत राहिली. मला दार उघडता येत नाही, मित्रांनो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी निनादने सहज विचारलं, "आई, इमरतलाल आला होता का?"

"आला होता की. सांगितलं त्याला, पिंजरा खाली है म्हणून."

निनाद चपलाही न घालता नाल्याकडे धावला. तोवर सगळं संपलं होतं.

इमरतलाल डॉक्टरांना घेऊन आला, तेव्हा वसुधाताई माझ्यापाशीच बसून होत्या. "माताजी, आपने ही तो..." म्हणत त्याने माझं दार वर उचललं. डॉक्टरांनी मेलेल्या मादीच्या पोटावर हात फिरवला. "दूध है इसमें," ते म्हणाले, "बच्चे होंगे कहीं."

तेवढं हिंदी वसुधाताईंना कळलं. त्या उठल्या, पदर खोचून खडकांत उतरल्या आणि मशीनपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "बंद करो," त्या ओरडल्या. मशीन थांबलं. सगळे कान देऊन उभे राहिले. काहीच ऐकू आलं नाही. अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशीही शोधलं. पिल्लं सापडली नाहीत. मग मशीन पुन्हा सुरू झालं.

मित्रांनो, जनावराला पकडण्याआधी त्याची वाट मोकळी करता येते का, ते बघा. नाहीच जमलं आणि मला लावावंच लागलं, तर लांबून कुणाला विचारू नका. माझ्यापाशी या, वाकून आत पाहा. आत जीव असतो. तो आहे तोवर या.