उलट्या चुण्यांचे बाओ

पहिला बाओ, म्हणजे सारण भरून वाफवलेला पाव, तिनं दोन घासांनंतर टाकला. टाकला म्हणजे गाडीखालच्या कुत्र्यापुढे ठेवला, तर त्यानंही वास घेऊन तोंड फिरवलं. "पीठ मळता की खडू भिजवता?" असं ती गाडीवाल्याला तोंडावर विचारून पुढे झाली. दुसऱ्याच्या बाओत सारण शोधत बसावं लागलं. सापडलं ते कोबीचं एक केविलवाणं पान. तिसरा वरून चटका देणारा आणि आतून गारढोण, म्हणजे कालचाच परत वाफेवर चढवलेला. लोक बिचारे ऑफिसातून जेवायच्या सुट्टीत धावत येतात आणि यांनी त्यांच्या तोंडात काहीही कोंबावं? तिचं डोकं तापलं होतं.

परगावी तिचं शिवणकामाचं दुकान होतं. दोन वर्षांनी ती माहेरी येत होती, आणि दादाच्या गाडीवर जाण्याआधी गल्लीतल्या सगळ्यांचे बाओ चाखून बघायचे असं तिनं ठरवलं होतं. या गल्लीतली पहिली गाडी तिच्या वडिलांची. आता ती दादा चालवत होता. गल्लीचा नियमही बाबांच्याच वेळचा: विकायचं ते आपल्या घरात केलेलं. कारखान्यातला तयार माल आणून नुसता वाफवणाऱ्याची जागा जायची. गेल्याच महिन्यात बाजारप्रमुखांनी एकाची गाडी उचलायला लावली होती.

दादाच्या गाडीपुढे रांग होती. ती सरळ पुढे घुसली.

"अगं, कळवायचं तरी!" दादाचा चेहरा खुलला. त्यानं बांबूच्या करंडीचं झाकण उचललं आणि डाव्या हातातल्या चिमट्यानं एक बाओ तिच्या हातातल्या कागदावर ठेवला.

तिनं घास घेतला. हां! याला म्हणतात बाओ. पीठ कसं कापसासारखं, आत कांद्याच्या पातीचा आणि खिम्याचा रस. बाबाच आठवले तिला. डोळे मिटून तिनं अर्धा संपवला, मग डोळे उघडले आणि उरलेल्या अर्ध्याकडे बघितलं.

शिवणारीची नजर, चुण्यांवरच जायची. बाओच्या डोक्यावरच्या चुण्या उजवीकडे फिरलेल्या होत्या. बाबा डावखुरे, त्यांच्या चुण्या डावीकडे फिरायच्या. दादा उजव्या हाताचा. पण शिकला बाबांच्या हाताकडे बघून, त्यामुळे त्याच्याही डावीकडेच. सगळ्या गल्लीत या एकाच घराच्या चुण्या उलट्या. तिनं करंडीत डोकावून पाहिलं. झाडून सगळे बाओ उजवीकडे!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, हे तू केलेले नाहीस."

"हळू बोल गं."

"हळू काय हळू! बाबा उभे राहून राहून पायांनी गेले या गाडीपायी, आणि तू बाहेरचा माल आणून त्यांच्या जागेवर विकतोस? लाज वाटत नाही?"

रांगेत तिसऱ्या नंबरावर उभा असलेला जाडजूड माणूस पुढे आला, तेव्हा तिला कळलं की ते बाजारप्रमुख आहेत. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

"खरं काय ते सांगा," ते दादाला म्हणाले. "बाहेरचा माल असेल तर उद्यापासून जागा रिकामी करायची."

दादा करंडीकडे बघत राहिला. बोल ना मेल्या, तिला वाटलं, काहीतरी बोल, खोटं तरी बोल. पण त्यानं चिमटा खाली ठेवला आणि गाडी आवरायलाच घेतली.

एवढ्यात गाडीमागच्या खोलीचा पडदा सरकला. वहिनी बाहेर आली. कोपरापर्यंत पीठ, हातात कच्च्या बाओंची परात. तिनं पडद्याआडून सगळं पाहिलं-ऐकलं होतं हे तिच्या तोंडावरच दिसत होतं. तिनं पिठाचा गोळा उचलला, बोटांनी थापला, सारण भरलं आणि सगळ्यांसमोर भराभर चुण्या घातल्या. चुण्या उजवीकडे फिरल्या.

"वर्ष झालं," ती बाजारप्रमुखांना म्हणाली. "यांचा उजवा अंगठा लुळा पडलाय, त्यात जोर नाही. मला कोणी शिकवलं नाही, जसं जमलं तसं बसवलं. आता सांगा, हा माल बाहेरचा का?"

"नाही बाई," बाजारप्रमुख म्हणाले. "घरचाच आहे." आणि ते मुकाट्यानं रांगेत आपल्या जागी गेले.

वहिनी दादाकडे वळली. "जागा जात होती. तोंड का नाही उघडलंत?"

"लोक बाबांच्या हातची चव म्हणून येतात गं," दादा पुटपुटला. "बायको करते म्हटलं तर..."

"म्हणजे गाडी गेली तरी चालेल, पोरांच्या तोंडचा घास गेला तरी चालेल, पण माझा हात आहे हे कोणाला कळता कामा नये! वा रे वा!"

"वहिनी, माझं चुकलं, मी—" तिनं तोंड उघडलं.

"तुम्ही थांबा, ताई. डोळे मिटून खाल्लात ना अर्धा? तोवर तो या घरचा होता."

तिला तोंडात मारल्यासारखं झालं. उरलेला अर्धा बाओ हातात तसाच गार होत होता. दादाचाही तिला संताप आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. ती गुपचूप रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

रांगेत पहिली एक पोक्त बाई होती. दादानं झाकणाकडे हात नेला, तर वहिनीनं त्यावर आपला पिठाचा हात ठेवला.

"आधी सांगा त्यांना, कोणी केलेत."

"बायकोनं," दादा कसाबसा म्हणाला.

"मोठ्यानं. मागे ऐकू जात नाही."

दादाचे कान लाल झाले. "बायकोनं केलेत! हे सगळे बाओ माझी बायको करते!"

"असं का?" पोक्त बाईनं त्याला खालून वर न्याहाळलं. "मग तुम्ही काय करता?"



"पैसे घेतात," वहिनी म्हणाली, आणि झाकण तिनं स्वतः उचललं.