गुळाच्या कढईत भेंडी

मार्गशीर्ष लागला तरी वच्छलेच्या सांदवाडीत भेंडी उभीच. घरामागच्या त्या एवढ्याशा तुकड्यात झाडं डोक्याच्या वर गेली होती, खालची पानं झडलेली, शेंड्याला एखादं चुकार पिवळं फूल. आठवड्याला मूठभर भेंडी निघे, तीही निबर.

"काऊन वो, सरपण पिकवून राह्यली का?" सासू चंदाबाई रोज विचारी. "उपटून टाक. मले तिथी सांभार लावाचा हाये."

"राहू द्या ना आत्याबाई. गुळाले लागते."

"गुळाले भेंडी? तुह्या माहेरचं सारंच उफराटं!"

आता कोथिंबिरीला जागा मागणाऱ्या चंदाबाईचं तरी काय चुकलं? या गावात धानाशिवाय दुसरं काही पिकलंच नव्हतं. यंदा सासऱ्यानं, दादाजीनं, तलावाखाली पहिल्यांदाच ऊस लावला. वर आरमोरीच्या बाजारात छाती ठोकून सांगून आला, की हळदीसारखा पिवळा गूळ आणीन, नाही आणला तर तोंड दाखवणार नाही!

आणि गुऱ्हाळ लागल्यावर पहिली कढई उतरली ती चिखलासारखी काळी. जमलेले लोक फिदीफिदी हसले. दुसरी कढई चुलीवर चढली होती, तीच शेवटची.

वच्छलाही तिथंच उभी होती. उपाय तिला ठाऊक होता. पण स्वराज्य येऊन आठ वर्षं झाली तरी सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, हा कायदा काही बदलला नव्हता. नवरा मनसाराम लाकडं आणायला गेलेला. ती तडक घरी धावली आणि भेंडीची झाडं उपटू लागली.

"हां, आता कसं!" चंदाबाई खूश झाली.

वच्छलेनं झाडं मुळासकट ठेचली, बादलीत कुस्करून चांगलं बुळबुळीत पाणी केलं आणि गुऱ्हाळावर आली. चरकाजवळ सोडलेला बैल उभा होता. त्याच्याकडे तोंड करून ती म्हणाली, "बैला, ज्याले ऐकाचं त्याले सांग. हे पाणी कढईत टाका. मळी वर आली का काढून फेका."

बैल पाचट चघळत राहिला. दादाजीनं बैलाकडे पाहिलं, मग बादलीकडे.

"बैला, गुळाची भाजी कराची हाये का?"

"भेंडीचं पाणी हाये. माह्या बापानं जन्मभर हेच केलं."

"अन् बैला, बिघडलं तर?"

"याच्याहून काळं काय होईल?"

सगळे खो खो हसले. दादाजीलाही हसू आवरेना. त्यानं उचलली बादली आणि दिली ओतून.

काय फेस आला म्हणता! सारी घाण घेऊन मळी वर आली. दादाजी झाऱ्यानं काढता काढता थकला. खाली रस असा नितळ, की जमलेली माणसं कढईत वाकून पाहायला लागली. दिवस कलेपर्यंत गूळ थिजला. पिवळाधमक!

दादाजीनं पहिला खडा फोडला. चार हात पुढं आले, ते ओलांडून तो थेट वच्छलेपुढं येऊन उभा राहिला. तिनं पदर खाली ओढला.

"बाई," तो तिलाच म्हणाला, "पुढच्या साली भेंडी किती लावाची?"

"सारी सांदवाडी, मामाजी!" वच्छला इतक्या मोठ्यानं बोलली, की तिची तीच दचकली.