पाय टेकला

मास्तरांनी नदीच्या मधोमध हात वर केला आणि ओरडले, "होडी आणा, होडी. बुडतोय मी."

आम्ही काठावरची माणसं गारच पडलो. मास्तर म्हणजे आमच्या पोहण्याच्या तलावाचे रखवालदार, शिक्षक आणि देव, तिन्ही एकाच चड्डीत. निम्म्या गावाला पाण्यात त्यांनीच ढकललेलं. त्यांची शिट्टी वाजली की काठच्या झाडावरची खारसुद्धा पाय उचलून धरायची. खोटं वाटत असेल तर त्या खारीला विचारा.

नियम एकच. उथळ टोकाला दमून कुणी तळावर पाय टेकला की शिट्टी. "पाय टेकला. बाहेर ये." मग त्या पोरानं काठावर ओल्या अंगानं उभं राहायचं, टॉवेल मागायचा नाही. "मास्तर, जाऊ?" असं कुणी कुडकुडत विचारलं की ठरलेलं उत्तर, "सगळ्यांचं होऊ दे."

त्या काठावर सर्वांत जास्त उभी राहिली ती त्यांचीच लेक. मास्तर हे आम्हाला मिशीला पीळ देत सांगायचे. बापाच्या तलावात बापाचीच पोर बाहेर. न्याय असावा तर असा. आम्हीही माना डोलवायचो. पुढं एक दिवस ती तलावावर यायची बंद झाली. घरात बापलेकीचं बोलणं सगळं व्हायचं, फक्त पाण्याचा विषय निघायचा नाही.

आता ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. पोहायला कुठं शिकली, कुणाकडं शिकली, बापाला पत्ता नाही. या वर्षी तिनं ट्रायथलॉनमध्ये नाव दिलं. आधी नदीत पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. एका दिवसात माणसाचे जेवढे हाल करता येतील तेवढे. कळल्याबरोबर मास्तरांनी आपलंही नाव घातलं.

"या वयात?" मी म्हणालो.

"तिला मध्येच धाप लागली तर काढणार कोण? तू?"

मला बादलीतसुद्धा धाप लागते.

सकाळी संयोजकानं भोंग्यातून बजावलं, "यंदा नदीला पाणी कमी आहे. मध्ये लांबलचक उथळ पट्टा लागेल. हाताला वाळू लागली की उभे राहा आणि चालत जा. चालायला बंदी नाही. पुढं खोल लागलं की पुन्हा पोहा."

"मग याला पोहणं कशाला म्हणायचं?" मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "म्हशी धुवायला न्या."

शेजारी लेक डोक्यावर टोपी चढवत होती. तिनं वर पाहिलं नाही.

सुरुवातीला मास्तर सगळ्यांच्या पुढं होते, ते खोटं नाही. मग उथळ पट्टा आला. मागून आलेले एकेक उभे राहिले आणि ढांगा टाकत, पाणी उडवत त्यांच्या बाजूनं निघून गेले. मास्तर मात्र आडवेच. गुडघे पोटाशी ओढून घेतलेले, पाय काही खाली जाईना. हात मारावा तर ओंजळभर वाळू वर यायची. तलावात तळाच्या निळ्या फरश्या मोजता यायच्या; इथं डोळ्यांपुढं नुसता चहा. नाकातोंडात गाळ गेला, दम संपला, आणि तेव्हा तो हात वर झाला.

होडी निघाली आणि वाळूत रुतली. नावाडी खाली उतरला. वल्हं खांद्यावर टाकून चालत चालत मास्तरांपाशी गेला. पाणी त्याच्या गुडघ्याला होतं.

"मास्तर, उभे राहा की."

"बुडतोय मी."

"कशात?" नावाड्यानं खरोखरच विचारलं.

काठावर जो हशा पिकला तो पलीकडच्या काठावर आपटून परत आला. त्यातला बराचसा मास्तरांनी शिकवलेल्यांचा होता.

तेवढ्यात मागून लेक चालत आली. थांबली. तिच्या दोन्ही बाजूंनी माणसं पुढं जात होती. ती वाकली.

"बाबा, पाय टेका."

मास्तरांनी आडव्यानंच मान हलवली.

"टेका. इथं कुणी शिट्टी वाजवत नाही."

मास्तर उभे राहिले. मिशीतून गाळ ओघळत होता, गुडघे सोलवटले होते. धरणीनं पोटात घ्यावं असा तो चेहरा. धरणी पायाखालीच होती, पण घेत नव्हती. काठाकडं त्यांनी पाहिलंच नाही. लेकीकडं पाहिलं.

"किती वेळ उभं करायचो गं तुला?"

"सगळ्यांचं होईपर्यंत."

"थंडी वाजायची?"

"बाबा, शर्यत चालू आहे," ती म्हणाली. त्यांच्या दंडाला हात लावला, चार ढांगा पुढं गेली आणि खोल पाण्यात तिनं अंग झोकून दिलं. हे सगळं नावाड्यानं नंतर सांगितलं. आम्हाला काठावरून फक्त तिचे हात दिसत होते, आणि काय सुरेख पडत होते ते.

नावाड्यानं होडी मोकळी केली. "चला मास्तर, बसा. कांबळं आहे आत."

मास्तर जागचे हलले नाहीत. वारा सुटला होता. माणसं येत होती, त्यांना वळसा घालून पुढं जात होती. काठावरचं हसणं केव्हाच थांबलं होतं.

"अहो, कुडकुडताय. बसा ना."

"थांब," मास्तर म्हणाले. "सगळ्यांचं होऊ दे."