कानामागचं भोक

साहेबांची सत्ता गेली आणि चौकातला त्यांचा पितळी पुतळा कापायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. तीस वर्षांपूर्वी तो बाबांनीच ओतला होता. शिडीखाली उभं राहून त्यांनी सवयीनं हात जोडले. माझं डोकंच फिरलं.

मी मानेवर ग्राइंडर लावला मात्र, पोकळ डोक्यातून भर दुपारी वटवाघळांचा थवा बाहेर पडला. तो आभाळात दिसेनासा होईपर्यंत चौकात कुणी हललं नाही.

"कानामागचं भोक बुजवायचं राहिलं होतं माझ्याकडून," बाबा पुटपुटले. मग त्यांना एकदम आठवलं. "बायबलात संदेष्ट्यानं सांगितलंय, माणसं आपल्या मूर्ती वटवाघळांपुढे टाकतील."

"टाकायचं काय राहिलंय, बाबा? इतकी वर्षं आपण वटवाघळांच्याच घराला नमस्कार करत होतो!"

बाबांनी जोडलेले हात सोडले आणि माझ्याकडे ग्राइंडर मागितला.