झारीची भोकं

भट्टीतल्या लोखंडावर तरंगणारी मळी वेगळ्या नालीने बाहेर सोडत. कारखान्यात तिला सगळे स्लॅगच म्हणत. नालीच्या टोकाला शंभर भोकांची जाड लोखंडी पेटी होती, तिला नाव पडलं होतं झारी. पंपाचं पाणी झारीतून सणसणत सुटायचं, लालभडक स्लॅगच्या चिंधड्या उडायच्या आणि खालच्या हौदात पडेपर्यंत तिची रेती झालेली असायची. ती वाळवून शेजारच्या गिरणीत दळली की सिमेंटात घालायची पूड तयार.

गिरणीत जायच्या आधी रेती चाळणीबाईच्या हाताखालून जाई. चाळणघरात तीन चाळण्या, एक भिंग आणि एक तराजू, एवढाच तिचा संसार. पण खरी परीक्षा बोटांची. चांगली रेती हलकी, फिकट, काचेच्या चुऱ्यासारखी टोचते. चिमूट चोळली की डोळे मिटूनही तिला कळे.

तीन आठवडे मात्र बोटांना काही टोचत नव्हतं. काळे, निबर, जड खडे येत होते. गिरणीवाला रोज दारात उभा राहून ओरडायचा, "चाळणीबाई, ही रेती आहे की रस्त्याची खडी? माझ्या गिरणीचे दात पडतील."

"माझे आधी पडतील," ती म्हणायची. "बोलून बोलून."

गिरणीचे दात राहोत बाजूला, तिला घोर होता तो वेगळ्याच गोष्टीचा. नालीच्या टोकाशी, झारीपासून चार पावलांवर, तिचा नवरा उभा असायचा. हल्ली तो घरी यायचा तेव्हा सदऱ्याच्या बाहीला बारीक बारीक भोकं पडलेली असायची.

"हौदात फटाफट उडतंय," तो जेवताना म्हणाला. "पाणी पुरत नाही. धगधगता गोळा तसाच खाली जातो, पाणी त्याच्या पोटात अडकतं आणि मग फुटतो."

"मग तिथे उभं कशाला राहायचं?"

"नाली तुंबली तर मोकळी कोण करणार, तुझा भाऊ?"

दुसऱ्या दिवशी ती भट्टीच्या साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, झारी एकदा उघडून बघायला हवी. क्षार बसून भोकं बुजलीत. पाणी कमी पडतंय."

साहेबांनी पंपघराच्या आकड्यांचा कागद पुढे सरकवला. "अहो बाई, दाब चारावरून सहावर गेलाय. या भट्टीला इतका चांगला दाब कधी मिळाला नव्हता."

"तेच तर सांगते. भोकं बुजली की मागे दाब वाढणारच. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबून बघा."

"मला नळी शिकवू नका. तुम्ही चाळणी बघा."

तिने दोनदा नोंदवहीत लिहिलं: झारीची भोकं तपासावीत. दोन्ही वेळा खाली सही आली: पाहिले.

पंपवाला तिला वहिनी म्हणायचा. त्याला सगळं ठाऊक होतं, पण त्याची सवय थट्टेवारी न्यायची. "वहिनी, झारीतला शुक्राचार्य हो हा. डोळा फोडल्याशिवाय हलायचा नाही."

डोकं तापलेलं, हातात पेन. तिने तिसऱ्यांदा लिहिलं: झारीत शुक्राचार्य बसला आहे, त्यामुळे पाणी अडते.

या वेळी मात्र साहेबांनी वाचलं. आणि स्वतःवर घेतलं. दुपारी तिच्या हातात मेमो पडला: वरिष्ठांचा लेखी उपमर्द केल्याबद्दल खुलासा द्यावा.

"साहेब, ते झारीबद्दल होतं. खऱ्या झारीबद्दल."

"कामाच्या आड येणाऱ्या माणसालाच शुक्राचार्य म्हणतात, एवढं मराठी मलाही येतं."

तिने कपाळाला हात लावला. शेवटी साहेबांनी सांगितलं तसं लिहून दिलं, कारण त्यानंतर झारीचं बोलता येईल असं तिला वाटलं: माझे विधान मागे घेते. झारीत कोणीही बसलेले नाही व पाणी कोठेही अडत नाही.

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. "आता झारी उघडायची परवानगी द्या."

साहेबांनी तिचाच कागद तिच्यासमोर धरला. "पाणी कोठेही अडत नाही. सही कोणाची?"

ती जिना उतरून तरातरा चाळणघरात परतली. त्या दिवशी हौदात गोळा फुटला तो आवाज चाळणघरापर्यंत आला. ती तशीच पळत सुटली. नवरा उभा होता, फक्त गालावर फोड आला होता आणि तो पाण्याने पुसत होता.

"पुरे झालं," ती म्हणाली. "पुढची स्लॅग कधी सोडणार?"

"दीड तासाने."

"मग आत्ताच उघडायची."

"परवानगी?"

"ती मागायला गेले की माझ्याकडून काहीतरी लिहून घेतात."

पंपवाल्याने पाणी बंद केलं. त्याने आणि नवऱ्याने मिळून झारीचे बोल्ट काढले. पांढरा क्षार दगडासारखा बसला होता. चाळणीबाईने मोजली, शंभरातली अडतीस भोकं उघडी होती. पाऊण तास ते सळईने कोरत बसले.

पुढची स्लॅग सुटली ती वाफ सोडत नुसती सूं करून विझली. चिमूट घेतली तर बोटांना टोचली, एक थेंब रक्तही आलं. गिरणीवाल्याने पोतं उघडून बघितलं आणि न बोलता निघून गेला. त्याच्याकडून एवढीच शाबासकी.

पंपघरातला काटा मात्र चारावर आला होता. साहेबांनी तो पाहिला आणि दुसरा मेमो आला: विनापरवाना दाब कोणी उतरवला?

"माझं नाव लिही," नवरा म्हणाला.

"वहिनी, माझं टाका. मला मेमोंची सवय आहे."

तिने कोणाचं टाकलं नाही. लिहिलं: झारी मी उघडवली. बासष्ट भोकं बुजली होती, ती मोकळी केली. कागद नेऊन टेबलावर ठेवला आणि साहेब वाचेपर्यंत तिथेच उभी राहिली.

"म्हणजे खरंच बुजली होती?"

"हो."

"मग साध्या शब्दांत लिहायचं होतं, बाई."

तिने नोंदवही उघडून मागची दोन पानं त्यांच्यासमोर केली. साहेबांनी आपल्या सह्या बघितल्या, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मेमो मधोमध फाडून टोपलीत टाकला.

"ठीक आहे. रेती सुधारली ना? झालं तर मग. या विषयावर आता पडदा." ती दारापर्यंत पोचली, तेव्हा मागून आवाज आला, "फक्त तो दाब तेवढा पुन्हा सहावर न्यायला सांगा."

ती वळली. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"नेऊ की," ती म्हणाली. "कोणती बासष्ट बुजवू, ते तेवढं लिहून द्या."